कोपराची बिजागरी

बाभुळगाव
सोमवार, २ एप्रिल २००७

प्रिय जफर यास,

दीनानाथचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही पाठवतो आहे. तुला जो घ्यावासा वाटेल तो घे, उरलेला सईदाभाभींना दे. आम्ही इकडे बरे आहोत. ऊन वेळेवर आलं आहे, नळ एक दिवसाआड येतो.

अक्षर पाहून गोंधळू नकोस. हे कुंदाचं अक्षर आहे. मी सांगतो आणि ती लिहिते, कारण माझा उजवा हात सध्या गळ्यातल्या झोळीत आहे. फोन करून पाहिला, पण तू उचलत नाहीस. मागे एकदा उचललास तेव्हा "राँग नंबर" म्हणालास, तेही तुझ्याच आवाजात, आणि वर "हिथं दिनूले कोणी वयखत नाई" असं सांगून ठेवून दिलास. मी तोवर माझं नाव सांगितलंच नव्हतं. म्हणून पत्र लिहितो आहे.

(हे सांगतील तसं मी लिहीन, पण खोटं आलं तर कंसात खरं टाकीन, असं ठरलं आहे. — कुंदा)

असं काही ठरलेलं नाही.

(ठरलं आहे.)

बातमी अशी की मी कोपर बदलला. तू म्हणशील, कुणाशी? कुणाशीही नाही. जुना काढून टाकला आणि नवा बसवला. लोक गुडघा बदलतात, खुबा बदलतात, हे आपण ऐकलं होतं. कोपर बदलला असं मी यवतमाळच्या बसमध्ये एकाला सांगितलं तर तो माझ्याजवळून उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. पण जफर, खरंच बदलतात. गेल्या महिन्यात नागपूरला केला. मधुवंतीनं नेलं. तुझ्या लुनाच्या मागे बसून शाळेत जायची ती आमची मधू आता नागपूरला घर करून आहे आणि बापाला दम देते.

संधिवात मला सहा वर्षांपासून आहे, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

(मला माहीत होतं.)

कुणाला म्हणजे बाहेरच्यांना. उजवा कोपर अर्ध्यात अडकला होता. ना पूर्ण वाकायचा, ना सरळ व्हायचा. घास तोंडापर्यंत जात नव्हता, म्हणून तोंडच ताटाकडे न्यावं लागे. लोकांना वाटायचं, दीनानाथराव अन्नापुढे किती नम्र झाले आहेत. लग्नात अक्षता कमरेजवळूनच टाकाव्या लागत, त्या नवरा-नवरीपर्यंत न पोचता पुढच्या माणसाच्या मानेत पडायच्या. दुकानवाल्या फुलचंदच्या पोरीच्या लग्नात तहसील कचेरीतले एक साहेब मान झाडत मागे वळले, तेव्हा मी वर मांडवाकडे पाहिलं.

(हे खरं आहे. मी शेजारी होते.)

आता डॉक्टरची गंमत ऐक. डॉक्टर साकेत नावाचा पोरगा आहे, मधूपेक्षाही लहान दिसतो. त्यानं नव्या कोपराचा नमुना माझ्या हातात ठेवला. काय असेल सांग? बिजागरी! दोन लोखंडी दांड्या, मध्ये खीळ. एक दांडी दंडाच्या हाडात जाते, दुसरी खालच्या हाडात, आणि दोन्ही सिमेंटनं पक्क्या करतात. मी म्हटलं, "सिमेंट कोणत्या कंपनीचं?" तो म्हणाला, "काका, ते वेगळं असतं." मी म्हटलं, "अन् याले ग्रीस कुठून द्याचं?" तर म्हणे, ग्रीस लागत नाही, आत प्लॅस्टिकचं बुश आहे. बुश म्हटल्याबरोबर मला तुझी आठवण आली. तू असतास तर त्या पोराला दुपारपर्यंत सोडलं नसतंस.

मग मी तो नमुना हलवून पाहिला, तर बाजूलाही डुगडुगत होता. मी घाबरलो. म्हटलं, "हा तं ढिला हाय." डॉक्टर हसला. म्हणाला, तो मुद्दाम ढिला ठेवला आहे. पूर्वी एकदम घट्ट बिजागऱ्या बसवायचे, तेव्हा सगळा ताण हाडावर यायचा आणि दांड्या हाडातून सुटायच्या. थोडा ढिलेपणा दिला तेव्हा टिकायला लागल्या. मी कुंदाकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या फाटकाला कब्जे, म्हणजे बिजागऱ्याच, बसवताना तू काय म्हणाला होतास? "कब्जा जरा ढिला पायजे गड्या. घट्ट ठेवला तं चौकट उखडते." मी तेव्हा तुझ्याशी तासभर वाद घातला होता. तर कळवायचं असं की तुझं म्हणणं नागपूरच्या डॉक्टरांना मान्य आहे.

शुद्धीवर आल्याबरोबर मी जुना पार्ट परत मागितला. तूच शिकवलं आहेस, गाडी गॅरेजातून सोडवताना जुना पार्ट मागून घ्यायचा, नाहीतर बदलला की नाही कोणाला ठाऊक. नर्सबाईंनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांना वाटलं, भूल अजून उतरली नाही. शेवटी एक्स-रे दाखवला तेव्हा माझी खात्री पटली. फोटोत बिजागरी अगदी फाटकासारखी दिसते.

पण एक अट घातली आहे. या हातानं जन्मभर दोन किलोच्या वर उचलायचं नाही. खुर्चीतून उठताना हातावर भार द्यायचा नाही. कुंदानं घरी येताच तराजू काढला आणि घरातली प्रत्येक वस्तू तोलली. भरलेला तांब्या चालतो. कणकेचा डबा चालत नाही. देवघरातला पितळी गणपती एक किलो नऊशे भरला, म्हणजे मी त्याला उचलू शकतो, पण आधी हार काढावा लागेल. फुलचंदनं चौकशीला येताना टरबूज आणलं, ते दारातच तोललं. साडेतीन किलो. तो बिचारा ओशाळला आणि म्हणाला, अर्धं कापून आणू का?

आणि हो, ते फाटक. तुझा हात लागला नाही त्याला सव्वा वर्ष झालं. खालचा कब्जा झिजला आहे, फाटक फरशीवर घासतं, उचलून धरलं तरच उघडतं. इथे दुसरे मिस्त्री आहेत, पण मी कुणाला हात लावू दिला नाही.

(रोज मी उचलते.)

फुलसावंगीला सईदाभाभींच्या भावाच्या वर्कशॉपमध्ये तुझं बरं चाललं आहे असं कानावर येतं. भाभींच्या गुडघ्यांना जपा. कुंदानं माझ्या हातासाठी लाख वातींचा नवस बोलला आहे. दिवसभर कापूस वळत बसते आणि मी मोजतो. माझ्या मोजण्यावर तिचा विश्वास नाही, म्हणून ती पुन्हा मोजते.

बाकी विशेष काही नाही.

(बाकी विशेष आहे. पण ते मला सांगून लिहवून घेणं यांना जमत नाही. — कुंदा)

तुझा,
दीनानाथ
(सही डाव्या हाताची आहे. कोंबडी चालून गेल्यासारखी दिसेल, पण खरी आहे.)

---

बाभुळगाव
मंगळवार, ५ जून २००७

प्रिय जफर,

सलाम. नमस्कार या वेळी मागे ठेवला आहे. तो भेटीत दोन्ही हातांनी करीन, आता ते जमतं.

हे अक्षर माझं आहे. वरच्या दोन ओळींना पाव तास लागला. करंगळी अजून बधिर आहे, ती कागदावर ओझ्यासारखी मागून येते. स्पृहा नावाची एक मुलगी व्यायाम घ्यायला येते. ती पहिल्या दिवसापासून एकच सांगते, "काका, कानाला हात लावा." महिनाभर माझा हात गालापर्यंत जायचा आणि थांबायचा. मागच्या पंधरवड्यात एकदाचा कान लागला. सहा वर्षांनी स्वतःचा उजवा कान स्वतःच्या उजव्या हाताला लागला, तर मी तो धरूनच बसलो. स्पृहा म्हणाली, "झालं काका, सोडा आता."

कुंदा देवळात गेली आहे. अधिक महिना चालू आहे, दोन तास तरी येणार नाही. म्हणून आज कंस नाहीत. जे आहे ते मलाच लिहायचं आहे.

तुझं पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नाही, नाव नाही. एका पांढऱ्या डबीत छटाकभर ग्रीस. कुंदा इतकी हसली की तिच्या मांडीवरच्या वाती उडाल्या. मीही हसलो. मग संध्याकाळी ती डबी हातात घेऊन बसलो. तू शिवी पाठवली असतीस तर मी गप्प राहिलो असतो. तू ग्रीस पाठवलंस. तू चेष्टा करून सगळं मिटवायला निघाला आहेस आणि तुला मुळात काय मिटवायचं आहे तेच ठाऊक नाही. ते फक्त मला ठाऊक आहे.

निदान गेल्या बुधवारपर्यंत मला तसं वाटत होतं.

मागच्या वर्षीची संक्रांत आठव. आमच्या कापूस खरेदी केंद्राबाहेर दोन फर्लांग गाड्यांची रांग होती. लोक तीन-तीन दिवस कापसावरच झोपत होते. ते साल काय होतं, ते मी तुला सांगायला नको. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या एका शब्दावर कुणाचं औषध, कुणाचं लग्न अडकलेलं असे. तू तुझ्या चार एकरांचा कापूस टेम्पोत भरून आणलास. टेम्पो तूच दुरुस्त केलेला होता, आणि त्यावर तू सकाळी फडकं मारलं होतंस. तू माझ्याकडे पाहून हात हलवलास. मी ग्रेडर होतो, म्हणून मी हलवला नाही.

मी तुझ्या कापसाची मूठ घेतली, उजेडाकडे वळलो, आणि फरदड म्हणालो. म्हणजे झाडावरची चांगली वेचणी संपल्यावर शेवटी निघतो तो आखूड तंतूचा माल. पहिल्या वेचणीचा कापूस होता तुझा. गॅरेजच्या मागच्या खोलीत ठेवलेला, धुरानं जरासा मळलेला, एवढंच.

तू म्हणालास, "अबे दिनू, खेचून तं पाह्य!"

आणि मी सगळ्या रांगेसमोर म्हणालो, "ओळखीवर फरदड चालत नाई हिथं. तू पान्हे फिरव, कापूस मले शिकवू नको."

लोक हसले. तुझ्या डोळ्यांत तेव्हा काय आलं ते मी पाहिलं आणि पुढच्या गाडीकडे गेलो. तू मागून येऊन एक मूठ कापूस माझ्या शर्टाच्या खिशात कोंबलास आणि म्हणालास, "घरी जाऊन खेच." त्यानंतर गावात तुला काय काय म्हणत होते ते मी ऐकत होतो. दोस्ताच्या नावावर फरदड खपवायला निघालेला मिस्त्री. ज्याच्या गॅरेजात लोक गाडी ठेवून निर्धास्त निघून जायचे, त्या माणसाला हे ऐकावं लागलं. तू शेत बटईनं दिलंस, गॅरेजला कुलूप लावलंस आणि फुलसावंगीला निघून गेलास.

आता जे मी कुंदाला सांगून लिहू शकलो नाही ते लिहितो. जफर, मी तो कापूस खेचलाच नव्हता. तू बरोबर पाहिलंस.

चिमूट दोन हातांत धरून छातीजवळ आणायची, झटक्यानं ओढायची, तुटलेले तंतू जुळवून पुन्हा ओढायचे, मग नखावर लांबी पाहायची. हे मी तीस वर्षं केलं. पण कोपर अडकत अडकत शेवटच्या दोन हंगामांत माझे दोन हात छातीजवळ एकत्र येईनासे झाले. सांगितलं असतं तर ग्रेडरची खुर्ची गेली असती आणि मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं असतं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती आणि मला मिजास होती. म्हणून मी लोकांकडे पाठ करून "उजेडाकडे" वळायचो, खांदे हलवायचो आणि डोळ्यांनीच ग्रेड द्यायचो. दोन हंगाम मी हे नाटक केलं. रंग दिसतो, कचरा दिसतो, पण लांबी डोळ्यांना दिसत नाही. तू "खेच" म्हणालास तेव्हा मला वाटलं, याला कळलं, आता हा सगळ्यांसमोर बोलणार. तू बोलायच्या आत मी तुझं तोंड बंद केलं. मी भ्यालो होतो, म्हणून तुला खोटं पाडलं.

त्या हंगामानंतर मी स्वतःच आवक-जावकचं टेबल मागून घेतलं. लोकांना वाटलं, म्हातारा थकला.

आता कुंदाचं ऐक. गेल्या बुधवारी ती वाती वळत होती. मी मोजत होतो. तिनं तेल-तुपाच्या फडताळातून एक जुना डालड्याचा डबा काढला. त्यात मूठभर कापूस होता, सरकी काढून पिंजलेला. मी म्हटलं, हा वेगळा काहून ठेवला?

ती म्हणाली, "तुमच्या शर्टाच्या खिशात सापडला होता. धुवायच्या आधी काढला. त्याच्या तीन वाती वळल्या अन् थांबले. बाकीचा कापूस वळताना तुटते. हा तुटतच नाही, ओढत जावा तेवढा येते. इतका लांब धागा मी उभ्या जन्मात पाह्यला नाई."

माझा आकडा चुकला.

"मंग मले कळलं हा कोणाचा कापूस," ती म्हणाली. "भांडण मिटेस्तोवर हा जाळायचा नाई, असं ठरवलं. अन् तुम्ही कायले सांगत नव्हते तेही कळलं होतं. मी काय आंधळी हाय? तुमच्या शर्टाच्या गुंड्या सहा वर्षं मीच लावते."

पाहा जफर. तीस वर्षांचा ग्रेडर मी, आणि तुझ्या कापसाची खरी ग्रेड माझ्या बायकोनं स्वयंपाकघरात बसून, वात वळता वळता, मागच्या वर्षीच्या संक्रांतीलाच लावून ठेवली होती. मी त्या डब्यातली चिमूट घेतली. दोन्ही हात छातीजवळ आणले. आले. नवी बिजागरी वाकली. मी ओढलं, जुळवलं, पुन्हा ओढलं, नखावर धरलं. मग खिडकीशी जाऊन पुन्हा केलं. चारदा केलं. असा कापूस त्या हंगामात सबंध केंद्रावर आला नसेल. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. कुंदानं रडू दिलं, फक्त म्हणाली, खुर्चीला धरून उठू नका, डॉक्टरनं मना केलं हाय.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, माझा निवृत्तीचा समारंभ होता. ती चिमूट मी खिशात घेऊन गेलो.

शाल दिली, नारळ दिला. नारळ मी डाव्या हातात घेतला. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहून म्हणालो, "दोन हंगाम मी कापूस न खेचता ग्रेड दिली. जफर मिस्त्रीचा कापूस पहिल्या प्रतीचा होता. मी खोटं बोललो." सगळे हसले! टाळ्या वाजल्या. साहेब म्हणाले, दीनानाथराव जाता जाताही आपला विनोदी स्वभाव सोडत नाहीत. मी म्हटलं, विनोद नाही, खरं सांगतो. ते आणखी हसले. मी ती चिमूट काढली, सगळ्यांसमोर खेचली आणि पहिल्या रांगेतून फिरवायला दिली. लोकांनी कापूस पाहिलाच नाही. ते माझ्या कोपराकडे बघत होते. एकानं विचारलं, "वाजते का हो आत?"

तेव्हा मागून रामधन उठला. आपला रामधन, काट्यावरचा, ज्यानं त्या दिवशी तुझा टेम्पो तोलला. तो म्हणाला, "साहेब खरं सांगून राह्यले. आमाले माहीत होतं. साहेबाचा हात चालत नव्हता."

माझी शाल खाली पडली.

रामधननं मग पुढचं सांगितलं. मी पाठ करून नाटक करायचो, तेव्हा तो माझ्या मागे उभा राहून गुपचूप चिमूट खेचून बघायचा. माझी ग्रेड चुकली असं वाटलं की तो म्हणायचा, "साहेब, उजेड कमी हाय, पुन्हा पाहा." मला वाटायचं, याला उजेडाचं खूळ लागलं आहे. पण मी पुन्हा पाहायचो, आणि मनात शंका आली की ग्रेड बदलायचो. दोन वर्षं या माणसानं माझी लाज झाकली आणि लोकांचा कापूसही वाचवला. सगळ्यांचा वाचला असेल असं मी म्हणणार नाही. ते ओझं दोन किलोच्या वरचं आहे आणि ते मलाच वाहायचं आहे.

मी भीत भीत विचारलं, "अन् जफरच्या टाइमाले?"

रामधन म्हणाला, "तवाही म्हटलं होतं साहेब. तुम्ही म्हणले, सूर्य डोक्यावर हाय, डोळे फुटले का तुझे?"

म्हणालो होतो, जफर. आता आठवतं. त्या दिवशी दोघांनी मला सांगितलं, एकानं उघड आणि एकानं आडून, आणि मी दोघांनाही झटकलं.

समारंभ संपल्यावर मी रामधनचे पाय धरायला वाकलो, तर त्यानं मला दंडाला धरून उठवलं, नव्या कोपराच्या बाजूनं. मी ओरडलो. तो घाबरून "तुटला काय?" म्हणत दहा पावलं मागे गेला. नंतर गावात मी आणखी चार ठिकाणी हेच सांगितलं. बसस्टँडच्या चहावाल्यापाशी, फुलचंदच्या दुकानात, गिरणीत आणि तुझ्या बंद गॅरेजच्या ओट्यावर. जिथे जिथे तुझ्यावर हसले होते तिथे तिथे. काही जणांना भांडणच आठवत नव्हतं. "कोणता कापूस?" म्हणाले. मला वाटलं होतं, तुझी बदनामी अजून गावभर फिरते आहे. ती लोकांनी कधीच टाकून दिली होती. फक्त तू आणि मी ती सांभाळून ठेवली. पण म्हणून माझं काही कमी होत नाही. ज्यांना आठवत नव्हतं त्यांनाही मी आधी आठवण करून दिली आणि मग खरं सांगितलं, म्हणजे थोडा घोळच झाला. काही जणांना आता वाटतं, कोपर तुझ्याशी मारामारीत मोडला.

या पाकिटात चिमूटभर कापूस ठेवला आहे. तुझाच आहे. आपल्या हातानं खेचून पाहा. मी म्हणतो म्हणून मानू नकोस, माझं मानण्यासारखं काही उरलेलं नाही.

माफी मागतो, जफर. रांगेसमोर तुला जे बोललो त्याची, त्याआधी मी हात हलवला नाही त्याची, आणि जवळजवळ दीड वर्ष गप्प राहिलो त्याची. तुला गाव सोडून जावं लागलं. ते भरून देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आता दोन्ही कान धरता येतात, ते धरले आहेत. कुंदा आल्यावर सोडीन, नाहीतर ती विचारेल.

अधिक महिना पंधरा तारखेला संपतो. त्याआधी लाख वाती लावायच्या आहेत. कुंदानं मोजणी थांबवून ठेवली आहे. डब्यातला कापूस वळल्याशिवाय लाख पुरे करणार नाही, आणि तो ती तुझ्या परवानगीशिवाय वळणार नाही. नवस माझ्या हाताचा आहे, पण त्याची किल्ली तुझ्याकडे गेली आहे. जावयासाठी तळलेले अनारसेही आहेत. त्यातले सईदाभाभींचे आणि तुझे वेगळे काढले आहेत. भाभींना म्हणावं, आल्याशिवाय कुंदा डबा उघडणार नाही आणि मला एकही देणार नाही.

येशील की नाही ते मी विचारत नाही. विचारायचा हक्क मी घालवला. फक्त एक गोष्ट कळवून ठेवतो. फाटक अजून तसंच आहे, उचलल्याशिवाय उघडत नाही. कुंदाला आता मी ते उचलू देत नाही, ती मागच्या दारानं ये-जा करते. मला डॉक्टरनं बंदी केली आहे. त्यामुळे आतून ते कुणालाच उघडता येत नाही. तू आलास तर हाक मारत थांबू नकोस. बाहेरून जरा उचलून ढकल आणि आत ये. ग्रीसची डबी मी खालच्या कब्ज्याजवळ, खांबावर ठेवली आहे. तिला मी बोट लावलेलं नाही.

फाटकाच्या आत, पायरीवर बसलेला,
तुझा
दिनू